काळं शौच म्हणजे कॅन्सर बाहेर पडणं नव्हे

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी पावणेसातला आत्याचा फोन आला. आवाज आनंदाने फुललेला. "आगं, भाईर पडाय लागलंय बघ! काळं काळं, डांबरावानी. मेसेजमधी लिवलंय तस्संच!"

सांगलीत माझं औषधांचं दुकान आहे. एकोणीस वर्षं काउंटरमागे उभी आहे. डांबरासारखं काळं आणि चिकट शौच म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. "आतोबांना काही खायला-प्यायला देऊ नकोस, उभं करू नकोस, मी निघालेच," एवढं बोलले आणि गाडी काढली. तासगाव पंचवीस किलोमीटर, तिथून पुढे वस्तीचा रस्ता. तेवढा सगळा वेळ आत्या खुशीत होती आणि आतोबांच्या पोटात रक्त वाहत होतं.

आतोबा एकाहत्तर वर्षांचे. आयुष्य द्राक्षबागेत गेलं. दीड वर्षापूर्वी खोकल्यातून रक्त पडलं, तपासण्या झाल्या आणि फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. स्क्वॅमस प्रकारचा, बरगड्यांच्या हाडांपर्यंत पोचलेला. केमो झाली, रेडिएशनचे शेक दिले. बरगडीच्या दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा कित्येक महिन्यांनी ते कुशीवर वळून झोपले होते.

मेसेज आत्याला भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला होता. नंतर मी तो तिच्याकडून मागून घेतला. लांबलचक आहे, सार एवढं: 'फुफ्फुसाच्या कॅन्सरचा रुग्ण कॅन्सरने खचत नाही, पोटात साचलेल्या मळाने खचतो. छातीतला आजार पोटात उतरत नसतो. पोट फुगतं, दुखतं ते केमोच्या उष्णतेने आणि मॉर्फिनने. मॉर्फिन हे शेवटचं औषध, ते आधी बंद करा. हा प्राचीन आयुर्वेदिक उपाय करा: सात रात्री दोन मोठे चमचे एरंडेल आल्याच्या चहातून द्या. काळं, चिकट शौच सुरू झालं की गाठ विरघळून बाहेर पडते आहे असं समजा. जुलाब लागले तर थांबवू नका, ते विष आहे. साखर आणि दूध बंद. दोन वेळा इसबगोल. औषधवाले आणि डॉक्टर हे तुम्हाला करू देणार नाहीत.' खाली 'मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलेले', नाव नाही.

आत्याने शुक्रवारपासून मॉर्फिन थांबवलं. शुक्रवारी रात्री आणि शनिवारी संध्याकाळी एरंडेल पाजलं. मला विचारलं नाही, कारण ते शेवटचं वाक्य. माझी आत्या, जिने मला परकर शिवून दिले, ती त्या एका वाक्यामुळे माझ्यापासून औषध लपवून देत होती. ज्याने कुणी ते लिहिलं त्याच्यावर माझा राग आहे आणि तो या लिखाणात दिसला तर दिसू दे.

मुद्दे क्रमाने घेत नाही. सगळ्यात घातक आहे तो आधी.

'काळं, चिकट शौच म्हणजे गाठ विरघळून बाहेर पडते आहे.' नाही. ते रक्त आहे. जठरात किंवा लहान आतड्याच्या वरच्या भागात रक्तस्राव झाला की ते रक्त खाली येईपर्यंत पचतं, त्याचा लाल रंग जातो आणि ते काळं होतं. खाली, गुदद्वाराजवळ रक्त आलं तर लालभडक दिसतं. म्हणून लाल दिसलं की माणसं घाबरतात आणि काळं दिसलं की घाबरत नाहीत. खरं तर काळ्याच्या मागे पुष्कळदा जास्त रक्त गेलेलं असतं.

लोहाच्या गोळ्या चालू असतील तरी शौच काळपट होतं, हे दुकानात मी रोज सांगते. पण ते हिरवट काळं असतं आणि नेहमीसारखं बांधलेलं असतं. रक्ताचं काळं शौच चकाकतं, भांड्याला चिकटतं, पाणी ओतलं तरी पसरून राहतं आणि त्याला जो वास येतो तो एकदा घेतला की विसरत नाही. आत्याने मला दाखवायला म्हणून ते भांडं ताटलीने झाकून खाटेखाली ठेवलं होतं. खोलीच्या दारातच तो वास आला. आतोबांचे तळहात चुन्यासारखे पांढरे पडले होते, कपाळावर गार घाम होता. "आता हलकं वाटतंय," असं ते मला म्हणाले. रक्त कमी झालेल्या माणसाला भोवळ यायच्या आधी वाटतं ते हलकेपण होतं. दवाखान्यात पोचल्यावर हिमोग्लोबिन निघालं ५.९. पहिल्या दिवशीच रक्ताच्या तीन पिशव्या चढवाव्या लागल्या.

आणि 'विरघळून बाहेर' म्हणजे कुठून बाहेर? तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नाची एक नळी आहे. फुफ्फुसं त्या नळीला जोडलेली नाहीत, त्यांची वाट श्वासनळीतून घशात उघडते. छातीतली गाठ शौचावाटे यायला रस्ताच नाही. एरंडेल आतड्यात गेलं की त्यातून रिसिनोलिक आम्ल सुटतं, ते आतड्याला जोराने आकुंचन पावायला लावतं आणि पोट वाहतं. त्याचं काम एवढंच. धडधाकट माणसाला ते काम उपयोगी पडतं. आमच्या आजीने दर उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा सगळ्या नातवंडांना नाक दाबून पाजलंय. पण ज्याच्या आतड्यात आतून गाठ वाढते आहे, पोकळी अरुंद झाली आहे, त्याला असं जोराचं रेचक देणं म्हणजे तोटी बंद ठेवून मोटर चालू करणं. वरून दाब वाढतो, पुढे वाट नसते. कळा येतात, उलट्या होतात, आणि गाठीने पोखरलेल्या जागी आतडं फुटूही शकतं. वाट मोकळी असली तरी आधीच खंगलेल्या शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम जुलाबातून निघून जातं.

आयुर्वेदाचं नाव पुढे केलंय म्हणून हेही लिहिते. चरकसंहितेच्या सिद्धिस्थान या भागात विरेचन, म्हणजे जुलाबाचं औषध, कुणाला देऊ नये याची यादीच आहे. खालच्या मार्गाने रक्त जाणारा त्यात आहे, दुर्बळ झालेला आहे, लंघन घडलेला आहे. आतोबा तिन्हींत बसत होते. शिकलेला वैद्य आधी पोट चाचपतो, जीभ बघतो, चार प्रश्न विचारतो. मेसेजने यातलं काय विचारलं?

एरंडेलानेच रक्तस्राव झाला असं मी म्हणणार नाही. कॅन्सर पसरून आतोबांच्या आतड्यात गाठ आधीपासून होती, तिने आठ दिवसांनी रक्त काढलंच असतं कदाचित. मेसेजने केलं ते वेगळंच. शनिवारी रात्री अकराच्या सुमारास पहिलं काळं शौच झालं. आत्याने देवापुढे दिवा लावला. फोन सकाळी केला, कारण चांगली बातमी कुणाची झोपमोड करून सांगायची नसते. मेसेज आला नसता तर रात्री अकरा वाजताच ती घाबरली असती आणि मला उठवलं असतं. जवळजवळ आठ तास त्या माणसाचं रक्त जात राहिलं, घरात दिवा तेवत होता आणि सगळ्यांना वाटत होतं की गुण येतोय.

'छातीतला आजार पोटात उतरत नसतो.' उतरतो. फुफ्फुसातून निघालेलं रक्त हृदयाच्या डाव्या बाजूला येतं आणि तिथून सगळ्या अंगभर जातं. कॅन्सरच्या पेशी त्या रक्तात शिरल्या की त्यांना शरीराचा कुठलाही कोपरा लांब नाही. मेंदू, हाडं, यकृत, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी या त्यांच्या नेहमीच्या जागा. आतडं त्या मानाने कमी वेळा, पण मुळीच नाही असं नाही. १९८७ साली 'कॅन्सर' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेलेल्या ४३१ जणांच्या शवविच्छेदनात ४६ जणांच्या लहान आतड्यात तोच कॅन्सर पसरलेला सापडला. म्हणजे शंभरात दहा-अकरा. अभ्यास जुना आहे, पण मी त्याच्यावर भिस्त ठेवते, कारण हा कुणाचा अंदाज नाही, स्कॅनवरची सावली नाही. पोट उघडून डोळ्यांनी बघितलेलं आहे.

यातून उगाच धसका घेऊ नका. त्यातल्या पुष्कळांना जिवंतपणी आतड्याचा काही त्रास झालेला नसतो. त्रास देण्याइतकी गाठ वाढणं बरंच दुर्मीळ, आणि तेही बहुधा आजार इतर ठिकाणी पसरल्यावर. पण दुर्मीळ आहे म्हणून डॉक्टरांच्याही ते पटकन मनात येत नाही, आणि घरच्यांच्या तर येतच नाही. केमोच्या पेशंटचं पोट दुखलं की सगळे म्हणतात गॅस धरला. बेंबीला हिंग, ओव्याचा अर्क, माझ्या दुकानातली अ‍ॅसिडिटीची गोळी. तीन-चार दिवस त्यात जातात.

आतड्यात गेलेली गाठ चार तऱ्हांनी छळते. रक्त सोडते, आतोबांचं तेच झालं, स्कॅनमध्ये लहान आतड्याच्या वरच्या भागात लिंबाएवढी गाठ दिसली आणि तुकडा तपासल्यावर ती फुफ्फुसातल्यासारखीच स्क्वॅमस निघाली. किंवा वाट अडवते. किंवा आतड्याचा एक भाग गाठीसकट पुढच्या भागात शिरतो, दुर्बीण मिटावी तसा. किंवा आतडं फुटतं. फुटलं की पोट एकदम लाकडासारखं कडक होतं, हात लावू देत नाही. मात्र पेशंटला डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड चालू असेल, आणि या आजारात ते पुष्कळांना असतं, तर कडकपणाही नीट जाणवत नाही, तापही येत नाही. म्हणून स्टिरॉइडवर असलेल्या माणसाचं पोट अचानक दुखायला लागलं तर 'पोट मऊ तर आहे' म्हणून थांबू नका.

वाट अडल्याची खूण मी दुकानात एका प्रश्नाने ओळखते: वारा सरतोय का? नुसता खडा झाला असेल तर पोट जड होतं, पण वारा सरतो. वाराही बंद, शौचही बंद, पोट ढोलासारखं ताणलेलं, कळ लाटेसारखी येते आणि ओसरते, वर हिरवट किंवा घाण वासाची उलटी. एवढं असेल तर कुठलंही रेचक माझ्या हातून मिळणार नाही. एरंडेल नाही, सेना (सोनामुखी) नाही, एनिमाची पिचकारी नाही. तडक दवाखाना. तिथे उभ्याने एक्स-रे काढतात, नाकातून नळी घालून पोट रिकामं करतात, सलाइन लावतात आणि मग ठरवतात ऑपरेशन करायचं, आत जाळीची नळी बसवायची की औषधांनीच त्रास कमी करायचा. ऑपरेशन झेपणार नाही अशा पेशंटलाही ऑक्ट्रिओटाइड, हायोसिन यांसारख्या इंजेक्शनांनी उलट्या आणि कळा आटोक्यात आणता येतात. 'आता काही करता येत नाही' असं म्हणून कुणी घरी पाठवलं तर निदान एवढं तरी विचारा.

आता मॉर्फिन. इथे मेसेजमधलं अर्धं वाक्य खरं आहे आणि ते मान्य करताना मला जड जातंय. मॉर्फिनने शौचाला धरतं. जवळजवळ सगळ्यांना. मेंदूतल्या ज्या कुलपांना लागून ते दुखणं थांबवतं, तशीच कुलपं आतड्याच्या मज्जातंतूंवर असतात. तिथे लागलं की आतड्याची हालचाल मंदावते, मळातलं पाणी जास्त शोषलं जातं आणि खडा होतो. सुरुवातीची गुंगी, मळमळ थोड्या दिवसांत सवयीने कमी होते. बद्धकोष्ठाची सवय मात्र शरीराला होत नाही. मॉर्फिन चालू आहे तोवर ते राहतं. म्हणून मॉर्फिनच्या पहिल्या गोळीबरोबरच रेचक लिहायचं असतं, त्रास सुरू व्हायची वाट न बघता. सेना, बिसाकोडिल, लॅक्टुलोज, पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर, यातलं पेशंटला सोसेल ते.

आतोबांच्या कागदावर ते लिहिलेलं नव्हतं. कुठल्या दवाखान्यातून हे निसटलं ते इथे सांगत नाही, त्याने आता काही साधणार नाही. पण निसटलं. आणि मी? मी त्यांना दोनदा भेटून आले होते त्या काळात, जेवण जातंय का विचारलं, झोप लागते का विचारलं. पोट साफ होतंय का हे विचारलं नाही. दिवसभरात तीस अनोळखी माणसांना विचारते तो प्रश्न घरच्या माणसाला विचारला नाही, संकोच वाटला असेल. सहा दिवस आतोबांना झाली नव्हती. ते कुंथून कुंथून रडकुंडीला आले होते, आत्या रात्री त्यांच्या पोटावर गरम पाण्याची पिशवी धरून बसायची. त्या सहाव्या दिवशी मेसेज आला आणि त्यात लिहिलं होतं: पोट फुगतं ते मॉर्फिनने. समोर दिसत होतं तेच लिहिलेलं. मग पुढचंही सगळं तिला खरं वाटलं तर तिला मी काय बोलू?

पण त्यावरचा उपाय मॉर्फिन बंद करणं हा नाही. रोज घेत असलेलं मॉर्फिन एकदम तोडलं की दुखणं उसळतंच, शिवाय घाम सुटतो, जीव कासावीस होतो, झोप उडते, पोटात मुरडा येतो आणि जुलाब होतात. हे जुलाबच मेसेजचा पुरावा ठरतात: बघा, गोळी बंद केली आणि पोट मोकळं झालं! शनिवारची सगळी दुपार आतोबा बरगडी धरून विव्हळत होते. मेसेजमध्ये त्यालाही नाव होतं, 'शुद्धीचा त्रास'. आत्या त्यांचा हात धरून म्हणत होती, सात दिवस काढा.

आणि 'शेवटचं औषध' हे तर आपल्याकडे इतकं रुजलंय की शिकलेली माणसंही आवाज खाली करून विचारतात, "मॉर्फिन दिलं, म्हणजे आता किती दिवस?" मॉर्फिन दुखणं किती आहे ते बघून देतात, दिवस किती उरलेत ते बघून नाही. थोड्या मात्रेत ते धाप कमी करायलाही देतात. २०१० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनचा एक अभ्यास आला होता, फुफ्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ जणांचा. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर पहिल्यापासूनच वेदनाशमन आणि परिहार सेवा, म्हणजे आजाराचा त्रास कमी करणारी देखभाल, दिली. ते जास्त बरे राहिलेच, शिवाय सरासरीने अडीच-पावणेतीन महिने जास्त जगले. हे मॉर्फिनमुळे झालं असं तो अभ्यास म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण दुखणं शमवलं की माणूस लवकर जातो, ही समजूत त्यापुढे टिकत नाही. आपल्या देशात १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे कित्येक वर्षं मॉर्फिन मिळणंच मुश्किलीचं होतं; २०१४ मध्ये तो कायदा दुरुस्त झाला तो पेशंटना ते मिळावं म्हणून. आता मिळतंय तर आपणच ते तोडायचं?

'जुलाब लागले तर थांबवू नका, ते विष आहे.' हा मुद्दा आतोबांना लागू नव्हता, पण ज्यांना लागू होईल त्यांच्यासाठी तो एरंडेलाइतकाच वाईट आहे. फुफ्फुसाच्या कॅन्सरवर आता इम्युनोथेरपीची इंजेक्शनं देतात, निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब. त्यांनी शरीराची संरक्षण यंत्रणा जागी होते आणि कधीकधी ती स्वतःच्याच मोठ्या आतड्यावर उलटते. आतडं सुजतं, दिवसातून सात-आठ वेळा पातळ होतं, आव आणि रक्त पडतं. इंजेक्शन थांबवून महिने झाल्यावरही हे होऊ शकतं. यावर वेळेत स्टिरॉइड द्यावं लागतं; दिवस काढले तर आतडं फुटण्यापर्यंत जातं. अफाटिनिबसारख्या रोजच्या गोळ्यांनीही जुलाब होतात, त्यांना मात्रा कमी करून, औषध देऊन आवरतात. आणि केमोनंतर आठ-दहा दिवसांत, पांढऱ्या पेशी खाली असताना, जुलाबाबरोबर १००.४ च्या वर ताप आला तर त्याच रात्री दाखल व्हायचं. यातल्या कशालाही 'विष बाहेर पडतंय' म्हणून बघत बसायचं नसतं. उलट बाजूनेही सांगते: माझ्याकडे येऊन नुसती जुलाब थांबायची गोळी मागू नका. कुठली इंजेक्शनं चालू आहेत, कधी झाली, ते आधी सांगा.

साखर आणि दूध बंद करण्याबद्दल फार लिहीत नाही. जो माणूस दिवसाला अर्धी भाकरी खातोय त्याच्या तोंडचा चहा आणि दहीभात काढून घेऊ नका. खाऊ दे.

इसबगोलचं मात्र सांगायला हवं, कारण ते निरुपद्रवी समजून सगळे घेतात. इसबगोल पाणी धरून फुगतं, म्हणून काम करतं. त्यावर पेलाभर पाणी आणि थोडी हालचाल हवी. अंथरुणाला खिळलेला, दोन घोट पाणी कसंबसं पिणारा, मॉर्फिनने आतडं मंदावलेला माणूस इसबगोल घेतो तेव्हा त्याचा आतच गोळा बसतो. आतोबांसारख्यांना ते देऊ नका. भिजवलेल्या काळ्या मनुका चालतील, त्या आमच्या तासगावच्या घरात कायम असतात, पण मनुकांनी मॉर्फिनचं बद्धकोष्ठ जाणार नाही.

मेसेजने 'मळ साचला' म्हणून सगळं एका पोत्यात भरलंय. पण बद्धकोष्ठामागे काय काय असतं ते बघा. स्क्वॅमस प्रकारच्या कॅन्सरमध्ये काही गाठी असं द्रव्य सोडतात की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग शौचाला धरतं, तहान भागत नाही, लघवी सारखी होते, माणूस सुस्तावतो आणि असंबद्ध बोलायला लागतो. घरचे म्हणतात म्हातारपण, मॉर्फिनची गुंगी. रक्ताच्या एका साध्या तपासणीत कळतं, आणि सलाइन व झोलेड्रॉनिक आम्लाच्या इंजेक्शनाने पुष्कळदा उतरतं. स्मॉल सेल नावाच्या प्रकारात क्वचित असंही होतं की कॅन्सरविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं आतड्याच्या नसांवरच हल्ला करतात. कुठेही अडथळा नसताना आतडं चालायचंच थांबतं. उलटी थांबवायच्या ऑनडॅनसेट्रॉनच्या गोळीनेही शौचाला धरतं. आणि एक विसरू नका: पाठीत नवं दुखणं, पायात जोर नाही, लघवी अडली आणि शौच बंद, हे एकत्र आलं तर भानगड पोटात नाही, कण्यात आहे. गाठ मज्जारज्जूवर दाब देते आहे. तिथे तासांचा हिशेब असतो, उशीर झाला तर पाय परत येत नाहीत. अशा माणसाला एरंडेल देऊन सात रात्री थांबायचं?

दुखणं आणि पोट दोन्ही नीट सांभाळणारी माणसं आपल्याकडे आहेत, ती शोधा. परळच्या टाटा रुग्णालयात परिहार सेवेचा विभाग आहे. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून, तिथे पैसे घेत नाहीत. लांब जाणं जमत नसेल तर आपल्याच डॉक्टरांना विचारा की मॉर्फिनबरोबर रेचक कुठलं, किती, आणि तीन दिवस झाली नाही तर फोन कुणाला करायचा. हा प्रश्न विचारायला लाजू नका. मी लाजले.

आतोबांचं ऑपरेशन झालं, आतड्याचा गाठीचा तुकडा काढला. अकरा दिवसांनी ते घरी आले. कॅन्सर आहेच, तो गेलेला नाही, पुढे काय हे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलंय आणि आतोबांनाही. भजनी मंडळाच्या ग्रुपवर आत्याने स्वतःच्या आवाजात सगळं सांगितलं, भांडं झाकून ठेवल्याचंसुद्धा. मला वाटलं होतं तिला ते जमणार नाही.

बेदाण्याची वजनं लिहायची एक जुनी वही होती घरात. उरलेल्या पानांवर तिने रेघा मारल्यात: गोळी, वेळ, दुखणं, शौच, रंग. मला रोज रात्री फोनवर वाचून दाखवते. काल तिने वाचलं, "मॉर्फिन वक्ताला. रातच्याला सेनाच्या दोन गोळ्या. सकाळी सहाला झाली, मऊ, पिवळी. दहीभात वाटीभर. उजव्या कुशीला झोपलेत."